एमजीबी अपडेट : उलटा फिल्टर, सकाळची खडखड आणि कापलेले डबे

मंडळी, माझी जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताना इंजिन खडखडायचं. त्या खडखडीचं मूळ सापडलं. म्हणजे अर्धं सापडलं. उरलेल्या अर्ध्याने परवा पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून हा अपडेट.

आधी चांगली बातमी. टॅपेट कव्हरची (इंजिनच्या कुशीतल्या झाकणाची) तेलगळती थांबली. नवं कॉर्क गॅस्केट, कव्हरचा वाकलेला काठ ठोकून सरळ केला आणि बोल्ट बेताने आवळला. तो बोल्ट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि गळती वाढते, हे आपल्याकडे अनेकदा बोलून झालंय. गाडीखालचा पुठ्ठा कोरडा आहे. कोरडा! एसयू कार्ब्युरेटर मागच्या वेळी सोडले तसेच आहेत, आयडलला जरा रिच, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. चालू द्या.

आता फिल्टर. सुरुवातीच्या बी (एमजीबी) वाल्यांनो, तुमचं ऑइल फिल्टरचं भांडं खाली लोंबतं, त्यामुळे ही पीडा तुम्हाला नाही. तुमची पीडा वेगळी : फिल्टर हेडच्या (ब्लॉकवरच्या ज्या तुकड्यावर फिल्टर बसतो त्याच्या) खाचेत जुनी रबर रिंग चिकटून राहते, तिच्यावर नवी बसते आणि स्टार्ट केल्यावर सगळं तेल जमिनीवर. माझी ७१ ची. तिचा स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायचा) फिल्टरचा डबा तोंड खाली, बूड वर असा बसतो. असा फिल्टर खोलताना तेल सांडलं नाही म्हणून खूश होऊ नका. सांडलं नाही याचा अर्थ ते रात्रीच संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) उतरलंय.

माझ्याकडे नेमकं हेच चाललं होतं. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर ढिम्म. सहा-सात सेकंद खालून खडखड, मग काटा एकदम उठून साठच्या पुढे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवू." मी म्हटलं, "मिस्त्री, गरम झाल्यावर काटा बघा की." हँडबुकात चालत्या गाडीला ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ दिलंय. आपली गरम गाडी साठ आणि वीस दाखवते. बेअरिंग गेलेलं इंजिन हे आकडे दाखवत नाही. पंपही ठीक, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही ठीक. तेल आहे, फक्त उशिरा पोचतंय.

उशीर का, ते बी-सिरीजचा (एमजीबीच्या इंजिनाचा) तेलाचा रस्ता बघितला की कळतं. पंपाकडून तेल ब्लॉकच्या मागून बाहेर पडतं, पाइपने पुढे ऑइल कूलरला जातं, तिथून फिल्टर हेडमध्ये येतं आणि मग गॅलरीत (बेअरिंगांना तेल पोचवणाऱ्या ब्लॉकमधल्या वाटेत) शिरतं. डबा रिकामा असेल तर पंपाला आधी तो भरावा लागतो. तोवर बेअरिंगं कालच्या ओलाव्यावर. डबा रिकामा होऊ नये म्हणून आत एक रबरी चकती असते, अँटी-ड्रेन-बॅक व्हॉल्व्ह. कडेच्या बारीक भोकांतून तेल आत आलं की ती उचलते, इंजिन बंद झालं की भोकांवर बसते. खाली लोंबणाऱ्या फिल्टरला ती नसली तरी फारसं बिघडत नाही. आपल्या उलट्या डब्याचा सगळा भार तिच्यावर.

म्हणून डबे कापले. हॅकसॉ लावू नका, लोखंडाचा भुगा कागदात जातो आणि मग आत इंजिनचा चुरा आहे की करवतीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पाइप कटरसारखा फिरवायचा फिल्टर कटर मिळतो. माझा स्वस्तातला आहे, पण काम चोख करतो. यावर पैसे घाला, महागड्या टॉर्क रेंचवर नंतर.

पहिला डबा "जेन्युइन" छापलेल्या खोक्यातला. इंग्लंडहून भाच्याच्या बॅगेतून आला, कारण कुरिअर आणि कस्टम्स धरून त्याची किंमत फिल्टरच्या कितीतरी पट होते. आत काळी चकती, नखाने दाबली तर दबेना. एका बाजूने कड वर वळलेली. कागदाच्या घड्या एकीकडे गच्च, दुसरीकडे बोट जाईल एवढी फट. दुसरा पुण्याच्या नाना पेठेतला. दुकानदार म्हणाला, "काका, सेम टू सेम आहे, डोळे झाकून लावा." डोळे उघडे ठेवून कापला. कागद कमी, पण घड्या सारख्या, चकती मऊ. तिसरा युरोपातल्या एका जुन्या फिल्टर कंपनीचा. त्यात नारिंगी सिलिकॉनची चकती, आणि ती बसतेही सपाट. साधं नायट्राइल रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं, सिलिकॉन टिकतं. नावं मुद्दाम लिहीत नाही. त्याच नंबरच्या पुढच्या लॉटमध्ये आतला माल बदललेला असू शकतो, आणि मग शिव्या मला.

"जेन्युइन"बद्दल एकदाच बोलून घेतो, कारण दर वेळी यावरून जुंपते. फिल्टर एमजीने स्वतः कधी बनवले? सुरुवातीच्या हँडबुकात टेकॅलेमिट आणि प्युरोलेटर अशी सरळ दोन नावं आहेत. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. एमजी हे नाव आज चीनच्या सायक कंपनीकडे आहे, आणि हलोलला तयार होणाऱ्या एमजी हेक्टरच्या शोरूममध्ये जाऊन बीचा फिल्टर मागितलात तर चहा मिळेल, फिल्टर नाही. तेव्हा खोक्यावर काय छापलंय याला माझ्या लेखी शून्य मार्क. आत काय आहे ते बघायचं.

प्रत्येक डबा कापणं परवडत नाही, म्हणून न कापता करायची चाचणी सांगतो. मधल्या भोकातून तेल ओतून डबा काठोकाठ भरा. कागदातून झिरपायला वेळ लागतो, दोन-तीनदा टॉप-अप करावं लागतं. मग मधल्या भोकाला रबरी बूच घट्ट मारा आणि डबा गाडीत बसतो तसा, तोंड खाली करून, पसरट ताटलीवर दोन पट्ट्यांच्या आधाराने ठेवा. आता तेल बाहेर पडायला कडेच्या भोकांचीच वाट, आणि ती चकतीने अडवलेली. जेन्युइनवाल्याच्या ताटलीत झोपायच्या आधीच तळं. नाना पेठवाल्याचे सकाळी काही थेंब. सिलिकॉनवाल्याची ताटली चकचकीत कोरडी! बायकोने विचारलं, स्वयंपाकघरातली ताटली का? विषय बदलला.

नाना पेठेवरून एक धोक्याची सूचना. आपला स्टड (डबा ज्यावर फिरवून बसतो तो आट्यांचा पोकळ दांडा) ३/४ इंची, इंचाला १६ आट्यांचा यूएनएफ. टोयोटाच्या बऱ्याच फिल्टरांना हीच आटी असते, त्यामुळे स्थानिक पर्याय मिळतात. पण होंडाची आटी एम२० x १.५, म्हणजे २० मिमीची. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. म्हणजे वीसचा फिल्टर आपल्या स्टडवर चढतो, फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. थंड तेलाचं प्रेशर आलं की सुटून उडतो. काउंटरवरचा पोरगा "बसतो साहेब" म्हणेल. आटी गेजने मोजल्याशिवाय घरी आणू नका. गॅस्केटचा व्यास आणि बायपास व्हॉल्व्ह (कागद तुंबला तर तेलाला परस्पर वाट देणारा) किती पीएसआयला उघडतो हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढचं दुकान. फिल्टर किती मायक्रॉनचा कण अडवतो या वादात मी पडत नाही. आयएसओ ४५४८-१२ च्या चाचणीचे आकडे जो देतो त्याच्याशी बोलू, बाकी सगळी जाहिरात.

तर सिलिकॉनवाला बसवला. गॅस्केटला तेलाचं बोट, हाताने टेकेपर्यंत, मग पाऊण फेरा. वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०) तेल, नेहमीचं. दुसऱ्या सकाळी स्टार्टर फिरला आणि इंजिन पकडतंय तोच काटा उठला. खडखड नाही. बॉनेट उघडं ठेवून उगाच दोनदा बंद-चालू केली.

मग गणपतीत गाडी झाकून ठेवली. विसर्जनानंतर काढली, तर काटा पुन्हा ढिम्म. पूर्वीइतका नाही, तीन-चार सेकंद, पण आहेच.

आधी चकतीवर संशय घेतला. डबा उतरवून तीच ताटलीची चाचणी केली. कोरडी. मग लक्षात आलं की चकती फक्त कडेची भोकं अडवते. मधलं भोक उघडंच, आणि आपल्या डब्यात ते तळाला येतं. तिथून तेल गॅलरीत, गॅलरीतून बेअरिंगच्या क्लिअरन्समधून थेंबथेंब संपमध्ये. एका रात्रीत फार जात नाही, पंधरवड्यात जातं. म्हणजे जगातला सर्वोत्तम फिल्टर आणला तरी उलट्या हेडवर लांब मुक्कामानंतर हे होणारच.

तूर्त उपाय : जास्त दिवस उभी असेल तर कॉइलची मधली एचटी (स्पार्कची) वायर काढून अर्थ करायची म्हणजे इंजिन पेटत नाही, चोक न ओढता काटा हलेपर्यंत स्टार्टर फिरवायचा, मग वायर लावून स्टार्ट. बॅटरी तगडी हवी.

कायमचा उपाय म्हणून शेवटच्या वर्षांतल्या १८व्ही इंजिनाचं (बी-सिरीजचंच नंतरचं रूप) डबा खाली लोंबवणारं फिल्टर हेड आणायचं ठरवलं होतं. हे लिहितानाच दुसरं सुचलं. मधला स्टडच उंच करून घेतला तर? स्टडच्या वर साधी नळी, एकाच तुकड्यात वळलेली, डब्यात अर्ध्याच्या वर जाणारी. मग नळीच्या तोंडाखालचं तेल गॅलरीत उतरूच शकणार नाही. वेगळी नळी ठोकून बसवायची नाही, सुटली तर थेट गॅलरीच्या वाटेवर. आणि आतलं भोक मूळ स्टडएवढंच हवं, अख्ख्या इंजिनाचं तेल त्यातूनच जातं.

अडचण एकच, डब्याच्या बुडाशी बायपासची स्प्रिंग आहे, नळी तिला टेकता कामा नये. त्यासाठी त्याच सिलिकॉनवाल्याचा कापलेला डबा पडलाय, उद्या व्हर्नियर लावतो. नळीची बाहेरची जाडी आणि डब्यातल्या मधल्या जाळीची फटही त्यातच मोजून होईल. ड्रॉइंग भोसरीच्या टर्नरकडे जाईल, ईएन८ पोलादात. दरम्यान १८व्हीचं हेड कोणाकडे पडून असेल तर कूलरकडून येणाऱ्या पाइपच्या तोंडाचा फोटो तेवढा टाका. पाइप न बदलता जमत असेल तर टर्नरला थांबवतो.