तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही वाटत?

बँकेत, लग्नात, शेअर रिक्षात, कुठेही मी शंभर मीटर पळते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अहो, दिसत नाही आणि एवढ्या जोरात पळता, भीती नाही वाटत?" मग जरा आवाज खाली करून, "आणि या वयात?" वय चोपन्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

भीती वाटते. फुटपाथवर. घरापासून बसस्टॉप पाच मिनिटांवर, पण त्यात दोन उघडी गटारं, एक स्कूटर (रोज नव्या जागी) आणि कपाळाच्या उंचीवर लोंबणारी केबल, जी पांढऱ्या काठीला कधीच सापडत नाही. तिथे मी पाऊल चाचपत चालते. ट्रॅकवर यातलं काही नाही. १.२२ मीटर रुंदीची लेन, आणि पूर्ण अंध धावपटूंच्या टी-११ गटात धावपटू आणि गाइड (सोबत पळणारा डोळस जोडीदार) मिळून अशा दोन लेन. एवढी मोकळी, सपाट जागा मला अख्ख्या शहरात दुसरी कोणी देत नाही.

मी शाळेत खो-खो खेळलेली बाई. पुढे रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. आधी रातांधळेपणा, मग नळीतून बघावं तसं, आणि चाळिशीपर्यंत तेही गेलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गंमत म्हणजे तरीही शर्यतीत डोळ्यांवर काळी पट्टी बांधावी लागते, म्हणजे सगळ्यांचा अंधार सारखा! नजर गेली त्याचं दुःख झालं, पण वेग गेला त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. कितीतरी वर्षं मी झपझप चाललेसुद्धा नव्हते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पळाले ते त्यासाठी. तुम्ही जिद्द वगैरे म्हणता तेव्हा मी हसून सोडून देते.

एकटीने मात्र जमत नाही. दिसत नसलं की सरळ पळतोय असं वाटत असतानाच माणूस एका बाजूला सरकत जातो. म्हणून गाइड. माझी गाइड शेजारच्या बिल्डिंगमधली, कॉलेजातर्फे धावणारी मुलगी. दोरीचं एक टोक माझ्या उजव्या हातात, दुसरं तिच्या डाव्या. दोघींचे हे हात एकदम पुढे, एकदम मागे. त्यामुळे माझा डावा पाय पडतो तेव्हा तिचा उजवा. पहिले तीन महिने आम्ही पळालोच नाही, जागच्या जागी हात हलवायचो. मैदानावरचे आजोबा विचारायचे, हे कुठलं आसन?

"काकू, दोरी ओढू नका," ती सांगायची. "तुम्ही ओढलीत तर वेग जाईल. मी ओढली तर आपण बाद." नियमच तसा आहे. गाइडने ओढायचं नाही आणि शेवटची रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही. म्हणजे माझ्याहून कितीतरी जोरात पळणाऱ्या मुलीने पाऊल आखूड करत सोबत यायचं आणि शेवटी मागे राहायचं. हे शिकायला तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. एकदा तिचा घसा बसला होता. एरवी ती "सरळ, सरळ, आता जोर" असं बोलत असते. त्या दिवशी नुसता दोरीचा हिसका आणि तिचा श्वास. आम्ही पळालो, बऱ्यापैकी सरळ. मला वाटायचं मी तिच्या आवाजावर पळते.

वयाचं म्हणाल तर ब्राझीलच्या जेरुसा जेबेर दोस सान्तोस या टी-११ गटातल्या, म्हणजे माझ्यासारख्याच अंध, बाईंचं ऐका. लंडनच्या पॅरालिम्पिक्समध्ये २०१२ साली शंभर मीटरमध्ये रौप्य. टोकियोच्या पॅरालिम्पिक्समध्ये, २०२१ साली, अंतिम फेरीत दोरीच तुटली आणि त्या बाद झाल्या. तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. आपल्याकडे कुणीही म्हणालं असतं, बाई, आता पुरे. पॅरिसच्या पॅरालिम्पिक्समध्ये २०२४ साली बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी शंभर आणि दोनशे, दोन्हींत सुवर्ण घेतलं आणि उपांत्य फेरीत ११.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०२५ मध्ये जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा दिल्लीत झाली, तिथेही दोन्ही शर्यती त्यांच्याच. मी घरी फोन कानाला लावून बसले होते. त्यांच्या निकालापेक्षा मला ती तुटलेली दोरीच जास्त आठवत होती. हातातली दोरी अचानक सैल पडते, आणि तुम्ही पूर्ण वेगात असता. तिथे मात्र मला भीती वाटेल. ही गोष्ट ऐकल्यापासून आम्ही दर महिन्याला दोरी बदलतो.

मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या धावपटूंच्या, एका स्पर्धेत पन्नाशीच्या गटात नाव द्यायला गेले, तर आयोजक म्हणाले, दोन लेन कशा देणार, बाकीच्यांवर अन्याय होईल. अर्धा तास वाद झाला. शेवटी कडेच्या दोन लेन मिळाल्या आणि मी शेवटून दुसरी आले. शेवटच्या बाईंचा गुडघा दुखत होता, हे प्रामाणिकपणे सांगते.

सुरुवातीला मला बावीस सेकंद लागायचे. परवा १९.२ आले. ती म्हणते, "काकू, मोबाईलवर मोजलंय, थोडं इकडेतिकडे धरा." मी १९.२ च धरलंय.