दुखवट्याची दिवाळी, तंजावरला

तंजावर, नरक चतुर्दशी. रात्रीचे साडेदहा.

यंदा आमच्याकडे सण नाही. आषाढात आजी गेली. म्हणून आकाशकंदील नाही, कढई चढवायची नाही, शेजारपाजारचे डबे येतील तेवढाच फराळ. ते रीतीप्रमाणेच झालं असतं. बाबांची धास्ती वेगळी होती. पहिल्या आंघोळीच्या पहाटे आजीच्या खोलीतला दिवा लागणार नाही, हे त्यांना साताऱ्याच्या घरात बसून बघायचं नव्हतं. तसं बोलले नाहीत. "तंजावरचा तो शिलालेख बघायचा राहिलाय," एवढंच म्हणाले. मी तिकिटं काढली. नवरा आणि लेक सोलापूरला, इकडे आई, बाबा आणि मी. फक्त तिघं असे माझ्या लग्नानंतर कधी निघालोच नव्हतो.

इथे पाऊस लागलाय. आपल्याकडे दिवाळीत पाऊस आला की कपाळाला आठ्या पडतात. इथे हाच खरा पावसाळा, ईशान्येकडून येणारा. फटाके सादळले म्हणून पोरं तेवढी हिरमुसली आहेत.

उतरलोय एका कुटुंबाच्या घरात, वरच्या मजल्यावर. तमिळ लोकांची दिवाळी म्हणजे मुख्यतः आजचाच दिवस. पहाटे तेल लावून न्हायचं, नवे कपडे घालायचे, आणि भेटेल त्याला विचारायचं, गंगास्नान झालं का? काल संध्याकाळी घरमालकीणबाई तिळाच्या तेलाची वाटी आणि शिकेकाई घेऊन वर आल्या. पासष्टीच्या असतील. दुभाषा म्हणून बरोबर कॉलेजातला नातू. आई संकोचली. "सासूबाई गेल्या, यंदा सण नाही," असं तिने मला सांगितलं, मी नातवाला, नातवाने त्यांना. त्यांनी मान डोलावली. त्यांच्यातही वर्षभर दीपावली करत नाहीत. मग बराच वेळ त्या काहीतरी बोलत राहिल्या आणि नातवाने ते दोन वाक्यांत उरकलं: नवे कपडे घालू नका, गोडधोड करू नका, पण डोक्याला तेल लावायला काय हरकत? ते कुणीतरी लावायलाच हवं.

पहाटे साडेचारला त्या हजर. आईला स्टुलावर बसवलं आणि कोमट तेल टाळूवर घातलं. आई डोळे मिटून बसली. बराच वेळ बसली.

मी दारात उभी होते. आईच्या डोक्याला कुणी तेल लावतंय, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या आंघोळीचा क्रम ठरलेला. बाबांना आजी लावणार, मला आणि दादाला आई, आणि आईची आंघोळ सगळ्यांच्या मागून, चांगलं उजाडल्यावर. बाई खाली गेल्यावर मी तसं म्हटलं, जरा फणकाऱ्यानेच, की इतक्या वर्षांत तुला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आई केस बांधता बांधता म्हणाली, "त्या लावायच्या की."

"कोण?"

"तुझी आजी. तुम्ही सगळे अंगणात गेलात की न्हाणीघरात पाट मांडायच्या. वर्षभर आमची धुसफूस, तुला माहीतच आहे. आदल्या रात्री चकलीच्या भाजणीवरून वाजलेलं असलं तरी पहाटे बोलवायच्या. बोलायच्या नाहीत काही. तेल मात्र भरपूर घालायच्या."

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. मी पलंगावर बसून राहिले. आजी आणि आई यांचं पटत नव्हतं, हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य होतं. त्यावर आम्ही भावंडं विनोद करत मोठे झालो. आजीने ते कधी खोडून काढलं नाही, आईनेही नाही. न्हाणीघराचं दार मात्र दोघींनी मिळून लावून घेतलं होतं.

आंघोळीनंतर बाईंनी खालून लेगियम पाठवलं. सुंठ, मिरी, ओवा, गूळ, तूप घालून आटवलेलं काळं चाटण. दिवसभराच्या फराळाआधीच पोटाची सोय करणारे लोक मला फार शहाणे वाटले. बाबांनी दोनदा घेतलं.

मग देवळात गेलो. बृहदीश्वराबद्दल मी काय लिहिणार! १०१० साली राजराज चोळाने पुरं केलं, शिखर जवळपास २०० फूट, मान दुखेपर्यंत बघत राहावं. पण बाबांना घाई होती ती आवाराच्या भिंतीची. तंजावरच्या मराठा गादीवरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतलाय. चहूकडे तमिळ, आणि मधेच भिंतभर मराठी. बाबा भूमि अभिलेख खात्यात होते, जुनी अक्षरं लावण्यात हयात गेलेली. चष्मा वर सरकवून, नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून एकेक नाव वाचत राहिले. आई छत्री धरून उभी.

सरफोजींचं मला आवडलं ते वेगळंच, आणि ते काल पाहिलं. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये त्यांनी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचं स्मारक उभं केलंय. हे सरफोजी दत्तक. लहानपणी त्यांच्यामागे हात धुऊन लागलेल्या चुलत्यापासून श्वार्ट्झने त्यांना सांभाळलं, शिकवलं. १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. मग त्यांनी थेट इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरात प्रसंग कोरून घेतला: अंथरुणावरचा म्हातारा आणि त्याचा हात हातात घेतलेला राजा. राजा स्वतः हिंदू, गुरू पाद्री, दोघांनी आपापला धर्म सोडला नाही. काल बघताना ठीक वाटलं होतं. आज पहाटेनंतर तो हात सारखा आठवतोय.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, आपली वंशावळ मी मोडी कागदांवरून काढली होती ना, सात पिढ्यांची, तिच्यात एकही बाई नाही. घरी गेलो की आईचं नाव घालतो.

"आणि हिचं?" मी आईकडे बोट दाखवलं.

"हिचंही."

"माझी कसली घाई," आई म्हणाली, "मी आहे अजून."

रिक्षावाल्याला काही कळलं नसेल, पण आम्ही हसलो म्हणून तोही हसला. आषाढानंतर बाबांना असं हसताना मी आज पाहिलं.

रात्री आत्याचा बंगळूरहून फोन आला. भाऊबीजेला यंदा ओवाळायचं नाही म्हणे, पण जेवायला तरी या, मलाही घरात करमत नाही. बाबांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. आता पाडव्याच्या मैसूर गाडीची तिकिटं हवीत, ती बंगळूरवरून जाते. वेटिंग लांबलचक आहे. उद्या एसीचं तत्काळ दहाला उघडेल, नाही मिळालं तर अकराला स्लीपरचं. बाबांनी साडेनऊचा गजर लावलाय, आधार कार्डं उशाशी काढून ठेवलीत. आई विचारतेय, बाईंकडून लेगियमची कृती लिहून घेऊ का, की सरळ एक डबीच मागू आत्यासाठी? मी म्हटलं, दोन माग.