प्रयोगशाळेतला संपलेला घट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने शिस्त, संस्कार आणि स्नेहसंमेलन यांविषयी लिहावे, असा संकेत आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ असतील. मी मात्र तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेविषयी आणि तिथे विज्ञानाच्या सरांनी शिकवलेल्या विजेविषयीच लिहिणार आहे, कारण ठाण्यात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांच्या दुरुस्तीवर माझा जो चरितार्थ चालतो, त्याचे भांडवल तिथलेच आहे.

ओहमचा नियम सरांनी दोन ओळींत संपवला. तापमान तेच राहिले तर विभवांतर (व्होल्टेज) दुप्पट केल्यावर धारा, म्हणजे विजेचा प्रवाहही दुप्पट होतो, हे गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केले, एवढे सांगून ते थेट घटाकडे, म्हणजे सेलकडे वळले. टेबलावर टॉर्चचे दोन घट होते, एक कोरा आणि दुसरा शिपाईमामांच्या मिणमिणत्या टॉर्चमधून काढलेला. व्होल्टमीटरवर कोऱ्या घटाने १.५ व्होल्ट दाखवले, जुन्याने १.४. मामांचा चेहरा खुलला. “बघा सर, सेल चांगलाच आहे, बल्बच गेला असणार,” असे ते म्हणाले. सरांनी उत्तर न देता दोन्ही घटांना आळीपाळीने अडीच ओहमचा रोध जोडला. कोऱ्या घटाचे विभवांतर १.२५ वर स्थिरावले आणि जुन्याचे थेट अर्ध्या व्होल्टवर कोसळले.

मग गणित आमच्याकडून करवून घेण्यात आले. घटातील रसायनेही धारेला अडवतात, आणि कोऱ्या घटात अर्धा ओहम असलेला हा अंतर्गत रोध घट वापरून जुना झाल्यावर साडेचार ओहमपर्यंत वाढलेला होता. त्यामुळे त्यातून जेमतेम ०.२ अँपिअर धारा निघत होती, आणि १.४ पैकी ०.९ व्होल्ट घटाच्या पोटातच खर्ची पडत होते. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध इतका मोठा असतो की नुसता तो जोडल्याने धारा जवळजवळ वाहतच नाही. धारा नाही म्हणून आत व्होल्टही खर्ची पडत नाहीत, आणि म्हणून संपलेला घट मीटरवर धडधाकट दिसतो.

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये हाच संवाद माझ्या वाट्याला अजूनही नेमाने येतो. “अहो, मीटर साडेबारा दाखवतोय आणि तुम्ही बॅटरी बदला म्हणता?” असे एखादे काका जरबेने विचारतात. त्यांचे मीटर बरोबरच असते. परंतु सहाशे वॅटचा भार पडला की बारा व्होल्टच्या बॅटरीतून पन्नासेक अँपिअर धारा ओढली जाते. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या काही सहस्रांशांएवढा असल्याने तिथे पाव व्होल्ट उतरतो. तोच रोध जुनाट बॅटरीत ०.०५ ओहम झाला, तर अडीच व्होल्ट जागच्या जागी उतरतात आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो. मी भार जोडून काकांना त्यांच्याच मीटरवर आकडा पाहायला लावतो. ही पद्धत सरांची.

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाला त्यांनी अधिक वेळ दिला. पट्टीचुंबक तारेच्या कुंडलात सरकवला की गॅल्व्हॅनोमीटरचा, म्हणजे बारीकशी धाराही दाखवणाऱ्या मीटरचा काटा एका बाजूला झेपावायचा, बाहेर ओढला की उलट बाजूला, आणि चुंबक आतच स्थिर ठेवला की काटा निमूटपणे शून्यावर परतायचा. चुंबक जवळ असून उपयोग नाही, कुंडलातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले पाहिजे, हे ध्यानात येण्यासाठी जगाला मायकेल फॅरेडे यांच्या १८३१ मधील प्रयोगांपर्यंत थांबावे लागले. जिनिव्हाच्या कोलादों यांनी १८२५ मध्ये जवळपास हाच प्रयोग केला होता. पण चुंबकाचा परिणाम काट्यावर होऊ नये म्हणून त्यांनी गॅल्व्हॅनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता, आणि चालत तिथे पोहोचेपर्यंत काटा शून्यावर आलेला असे. सावधगिरीपायी शोध हुकल्याची ही कथा सर फार रंगवून सांगत.

आम्हाला खरा धक्का बसला तो ट्यूबलाइटच्या जुन्या चोकने. दीड व्होल्टचा घट चोकला जोडून त्यांनी एका धीट मुलाला चोकची दोन्ही उघडी टोके दोन हातांत धरायला लावली आणि घटाची तार सोडवली. मुलगा ओरडून मागे सरला. लोखंडी गाभ्यावरील शेकडो वेढ्यांतली धारा एकाएकी तुटताना क्षणभर निर्माण होणारे विभवांतर घटाच्या कितीतरी पट असते. (असा प्रयोग आज कोणी शाळेत करू देईल, असे वाटत नाही.)

ठाणे स्टेशनातल्या लोकलही त्यांच्या तासातून सुटल्या नाहीत. मुंबईत १९२५ मध्ये विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्टच्या एकदिश धारेवर, आणि एकदिश धारेवर रोहित्र (व्होल्टेज वाढवणारा किंवा उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) चालत नाही, कारण तिथे बदलते चुंबकीय क्षेत्रच नसते. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २०१६ पर्यंत २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी धारा आली. तेवढ्याच शक्तीसाठी धारा सुमारे सतरा पटींनी कमी लागते आणि तारांमधील उष्णतेचा अपव्यय धारेच्या वर्गाने घटतो, हे गणित मी रुळांकडे पाहत आजही मनात करतो.

नव्या प्रयोगशाळेसाठी माजी विद्यार्थी निधी जमवत आहेत. डिजिटल मीटर अवश्य घ्यावेत. पण काट्याचा जुना गॅल्व्हॅनोमीटर भंगारात देऊ नये, कारण चुंबक हलताच झेप घेऊन परतणारा काटा मुलांना डोळ्यांनी दिसतो, आकडे मात्र वाचून होण्याआधीच बदलून गेलेले असतात. त्याच्या दुरुस्तीचा खर्च माझ्याकडे लागला.