नन भिंतीवरून उडी मारते, पायऱ्या मात्र आपण चढायच्या

रिओच्या कार्निव्हलला जाताय आणि कोणी म्हणालं की टेकडीवरच्या सांता तेरेझा वस्तीतला कार्मेलितास म्हणजे गल्लीतला छोटासा ब्लॉको, म्हणजे रस्त्यावरची नाचगाण्याची मिरवणूक, आरामात बघून या, तर त्या माणसाचं पुढचं काहीही ऐकू नका. आम्ही ऐकलं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच सांगितलं होतं. गल्लीतला म्हणे! मग विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोडपण गल्लीच.

आधी जोक समजून घ्या, नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल. टेकडीवर कार्मेलाइट नन्सचा जुना मठ आहे, एरवी बाहेर न पडणाऱ्या नन्स. 1990 मध्ये तिथल्या टोळक्याने ब्लॉको काढला आणि पुडी सोडून दिली की त्यातली एक नन कार्निव्हलच्या शुक्रवारी भिंतीवरून उडी मारून नाचायला पळते आणि मंगळवारी गुपचूप परत आत जाते. म्हणून मिरवणूक शुक्रवारी आणि मंगळवारी, आणि तिला कोणी ओळखू नये म्हणून सगळेच डोक्यावर ननचं फडकं बांधून येतात. माझ्या पुढे एक दाढीवाला बाप्या होता, गळ्यात जपमाळ, खाली हाफ पँट, पोटाला उशी बांधून गरोदर नन झालेला, आणि दर दोन मिनिटांनी आकाशाकडे बघून माफी मागत होता. शिमग्याची सोंगं बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

आता मेन मुद्दा, चढ. पिवळी ट्रॅम, तिला तिथे बोन्जी म्हणतात, तिच्या भरवशावर राहू नका, आम्ही गेलो तेव्हा बंद होती. टॅक्सीवाल्याने टेकडीच्या पायथ्याच्या लापा भागातच उतरवलं, पुढे रस्ते बंद. मग सेलारोन नावाच्या कलाकाराने सजवलेल्या त्या रंगीत फरशांच्या पायऱ्या, 215 आहेत, फोटोत फार गोड दिसतात, पण दुपारी तीनच्या उन्हात, दमट हवेत, प्रत्येक पायरीवर सेल्फीवाल्यांना वळसा घालत चढल्यावर मी वर पोचले तेव्हा ननपेक्षा मला माफी मागायची गरज होती, नवऱ्याची, कारण प्लॅन माझा होता. वर दगडी रस्ता आणि त्यात ट्रॅमचे रूळ. गर्दीत पाय खाली दिसत नाही, रुळाच्या खाचेत चप्पल अडकली आणि तुटली, उरलेला दिवस एका पायात रबर बांधून. बंद बूटच घाला, बाकी फॅशन डोक्यावर करा.

दुसरं दुखणं बिअरचं. थर्माकोलचा खोका घेऊन फिरणाऱ्याकडून मोठा कॅन घेतला, ठरले 12 रिआल. कार्डाच्या मशीनचा स्क्रीन फुटलेला, ऊन डोळ्यावर, मी टॅप केलं आणि रात्री मेसेज बघितला तर 120. एक शून्य जास्त, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये एका बिअरला! तिथले लोक पिक्सने पैसे देतात, आपल्या यूपीआयसारखंच, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं. तेव्हा सुट्ट्या नोटा न्या, आणि कार्ड द्यायचंच तर आकडा वाचता आल्याशिवाय टॅप करू नका. विक्रेता कितीही गोड हसला तरी.

मुताऱ्या कमी, रांगा लांब, आडोशाला उभं राहिलात तर दंड आहे.

वर्थ आहे का? हो, च्यायला, आहे. ढोल जवळून वाजायला लागले की छातीत तेच होतं जे आपल्याकडे ताशा कडाडल्यावर होतं, आणि माझी तुटकी चप्पल बघून एका आजीने स्वतःच्या केसांचं रबर काढून दिलं, तेच ते पायातलं. पण चार वाजताचं सांगितलं तर दोनलाच वर पोचा, ग्लोरिया मेट्रोच्या बाजूने चढा, चढ तोच पण सेल्फीवाले नाहीत. सहा वर्षांचं पोर घेऊन अजिबात नको.

मधले दिवस बीचवर गेले, छान होतं. मंगळवारी सकाळी परत गेलो, गर्दी तेवढीच पण ऊन कोवळं. दाढीवाला भेटला. पोट सपाट, हातात बाहुली.