चार फुटी टँकचा बॅकअप : कॅनिस्टरचा नाद सोडला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माशांच्या टँकचा कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) घरच्या इन्व्हर्टरवर घेतला, लाइट गेल्यावरच्या बॅकअपचा प्रश्न मिटला. मिटला नव्हता. परवा गुरुवारी मेंटेनन्ससाठी साडेनऊला लाइट गेली. दोन वाजता घरी आलो तर रमीनोजचा (लाल नाकाचे छोटे मासे) अख्खा थवा वर येऊन तोंडं उघडमिट करतोय, नाकांचा लाल रंग पार उतरलेला. एंजल माशांची जोडी फिल्टरच्या आउटलेटखाली कलून उभी. हॉलमधला पंखा इन्व्हर्टरवर आरामात फिरत होता, कॅनिस्टर मात्र बंद.

पाण्यात हवा मिसळावी म्हणून आधी मगाने टँकचंच पाणी उंचावरून ओतत राहिलो. अर्ध्या तासात थवा खाली गेला, संध्याकाळपर्यंत नाकं परत लाल. एकही मासा गेला नाही, हे लिहितानाही जिवाला बरं वाटतंय.

मग कॅनिस्टर. हेड गरम, आतून कर्रर्र आवाज. इम्पेलर (पाणी ढकलणारं पातं) जागच्या जागी थरथरतोय, फिरत नाही. चारला लाइट आली तरी तो तसाच सुरू केला नाही. झाकण उघडलं तर गटारासारखा वास. बंद डब्यातला ऑक्सिजन संपला की माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि ते पाणी टँकमध्ये गेलं तर वाचलेले मासेही जातात. सगळं पाणी फेकलं, मीडिया (ज्यावर बॅक्टेरिया राहतात ते आतलं साहित्य) टँकच्या पाण्यात खळबळून घेतला.

शुक्रवारची रात्र त्या कर्रर्रमागे गेली. इम्पेलर घासला, सिरॅमिक शाफ्ट बदलला, हेडमधली हवा काढली. मेनवर (घरच्या लाइटवर) एका झटक्यात उचलतो, मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर नेला की थरथर. पाच वेळा करून पाहिलं, एकदाच चालला. शेवटी इन्व्हर्टरचं माहितीपत्रक शोधलं : स्क्वेअर वेव्ह, म्हणजे वीज मेनसारखी सलग लहरीत (साइन वेव्ह) न येता धक्क्याधक्क्याने येते. कॅनिस्टरची मोटर सिंक्रोनस, तिचा चुंबकाचा रोटर (फिरणारा भाग) विजेच्या 50 हर्ट्झच्या लयीत फिरतो. लाइट जाताना क्षणभर वीज तुटते, रोटरची लय सुटते आणि स्क्वेअर वेव्हच्या धक्क्यांवर ती पुन्हा सापडत नाही. पंखा थोडा घूं असा आवाज करतो, पण फिरतो. दुकानदाराने विकताना 'पंखे किती?' एवढंच विचारलं होतं. मोटरचं काही चालवायचं असेल तर साइन वेव्हच मागा, दुसरं घेऊच नका.

साइन वेव्हच्या किमती काढत बसलो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की लाइट नसताना वायफाय व्यवस्थित चालू होतं. राउटरचा मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप)! 12 व्होल्ट डीसी. चार-सहा तास माशांना फिल्टर नसला तरी चालतो, हवा नसली तर नाही. शनिवारी 12 व्होल्टचा, 4 वॉटचा डीसी एअर पंप आणि दुसरा मिनी यूपीएस आणला. पिन सैल बसत होती, कारण बाहेरून दोन्ही 5.5 मिमी असल्या तरी आतलं भोक एकीचं 2.1, एकीचं 2.5. पिन कापून नवीन जोडली, पंप पाण्याच्या पातळीखाली आहे म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी नळीतून उलटं येऊ न देणारा) घातला. यूपीएसच्या डब्यावर बॅटरी 8800 एमएएच लिहिलीय, पण ते 3.7 व्होल्टला, म्हणजे साधारण 32 वॉट-अवर. 4 वॉटच्या पंपाला कागदावर आठ तास. रविवारी प्लग काढून घड्याळ लावलं : 6 तास 10 मिनिटं. आणि प्लग काढला त्या क्षणी बुडबुडा एकदाही तुटला नाही. मी स्टूल ओढून तेवढंच बघत बसलो होतो.

बेत असा होता की पंपाला जोडलेला एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) फक्त लाइट गेल्यावर चालवायचा. आता हे टाइप करतानाच वाटतंय, स्टोनऐवजी त्याच हवेवर चालणारा स्पंज फिल्टर लावून चोवीस तास का चालवू नये? महिन्याभरात स्पंज मुरला, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वसले की लाइट नसतानाही जिवंत बॅक्टेरिया हाताशी. माझ्याकडे अनुबियास आणि जावा फर्न ही झाडंच आहेत, बुडबुड्यांनी काही बिघडत नाही. झाडांसाठी टँकमध्ये सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडणाऱ्यांनी मात्र असं करू नका, सगळा गॅस उडून जाईल. तुम्हाला मेन गेल्यावरच पंप आपोआप जोडणारा स्विच (रिले) लागेल.

तर स्टोन रद्द. स्पंज उद्या आणतो, आणि पुन्हा लाइट गेलीच तर घरी असावं म्हणून पुढच्या गुरुवारी सुट्टी टाकली आहे.