डॉक्टरांनी आधी आईला विचारलं

काल बाबांना घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो, देवगडातनं गगनबावड्याचा घाट चढून न्यूरोलॉजिस्टकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, बाबा पार थकतात. पण काल जे बघितलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

बाबांना पार्किन्सन्स आहे. निदान झालं तेव्हा एमआरआय नॉर्मलच होता, या आजारात बहुतेकदा तो तसाच येतो, दुसरं काही नाही ना एवढ्यासाठी काढतात. डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, अंगठ्यावर बोट पटापट टेकवायला लावलं, मनगट धरून हळूहळू फिरवून बघितलं, आणि आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाची वही तर कितीतरी वेळ चाळली. ओळीच्या सुरुवातीला अक्षर ठीक, मग बारीक बारीक होत शेवटाला मुंगीएवढं. वास येत नाही असं बाबा कित्येक वर्षं म्हणायचे, पिकलेल्या फणसाचासुद्धा नाही, झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे, वाडीत कोणी म्हणालं बाहेरची बाधा असेल. तर ही सगळी या आजाराची खूप आधीची लक्षणं असू शकतात. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली नीट ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

काल मात्र डॉक्टर बाबांच्या आधी आईकडे वळले, तुम्हाला झोप लागते का म्हणून. आई गप्प, मग एकदम म्हणाली, "हे पडतले म्हणान माका रातची झोप येना नाय." आजवर हे आम्हाला कोणालाच बोलली नव्हती. मग बराच वेळ तेच चाललं, रात्री बारीक दिवा ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, आठवड्यातल्या काही रात्री मुलांनी बाबांजवळ झोपायचं. शर्टाची बटणं त्यांची त्यांनाच लावू द्या, वेळ लागला तर लागू दे. माझ्या मते निम्मी ट्रीटमेंट हीच होती.

बाबांना जेवल्यावर गोळी लागू पडत नाही अशी तक्रार होती. त्याचं कारण निघालं बांगडा! लेवोडोपा (बाबांच्या गोळीतलं औषध, त्याचंच मेंदूत डोपामिन होतं) आणि जेवणातलं प्रोटीन आतड्यातनं एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे गोळी मागे राहते. मासे बंद नाहीत (बाबांचा चेहरा बघायला हवा होता), फक्त गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर जेवल्यावर तासाने. शेजारच्या काकांनी खाजकुयलीच्या बियांची पावडर दिलेली ती पण दाखवली. त्या बियांत खरोखरच लेवोडोपा असतं, पण चमच्यात किती येतं ते कळत नाही आणि गोळीसोबत डोस वर जाऊ शकतो, म्हणून आपल्या मनाने द्यायची नाही. डॉक्टर काकांना हसले नाहीत, नीट समजावून सांगितलं, हे मला फार आवडलं.

उंबऱ्याशी बाबांचे पाय चिकटतात ना, तिथे जमिनीवर आडव्या पट्ट्या मारायला सांगितल्यात. आज सकाळी लाल इन्सुलेशन टेप लावली, पाऊलभर अंतराने, आणि पट्टी ओलांडायची म्हटल्यावर पाय उचलला जातो, खरंच जातो, आईने दोनदा चालवून बघितलं.

हे सगळं कळायला घाट चढावा लागतो याचं वाईट वाटतं, आपल्या जिल्ह्यात हातपाय थरथरणारे किती जण "वय झालं" म्हणून पडवीत नुसते बसून आहेत. पुढच्या वेळी गोळीच्या आधीचा आणि नंतरचा चालतानाचा व्हिडिओ न्यायचाय, उद्यापासून काढायला घेते.