लाल दिवा आणि घाई

हायवेच्या चौकात आज सिग्नल हिरवा झाला तरी आमची रांग जागची हलेना. आडव्या रस्त्यावरचे काही जण लाल दिवा तोडून घुसले होते आणि पुढे जागाच नसल्याने ऐन चौकात अडकले होते. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. (हॉर्नने रस्ता मोकळा होतो हा शोध कुणाचा, देव जाणे!) बऱ्याच सिग्नलना पिवळ्यानंतर एक-दोन सेकंद सगळ्या बाजूंना लाल असतो, चौक रिकामा व्हावा म्हणून. हे लोक नेमके तेच सेकंद पळवतात. भरलेला ट्रक ब्रेक दाबला तरी जागच्या जागी थांबत नाही. एक बाइकवाला आज वीतभर अंतराने वाचला. वर ट्रकवाल्यालाच शिव्या घालून गेला.